एक फुटके कौल आणि गावाकडचे घर

खांदा कॉलनीत राहणाऱ्या माणसाचा कौलाशी संबंध तो काय, असे कोणी विचारील. सिडकोने वसविलेल्या या वसाहतीत आपण सारे स्लॅबखाली राहतो. सकाळी खांदेश्वर स्थानकावरून लोकल धरायची, संध्याकाळी पिशवीत भाजी घेऊन परतायचे, असा आपला दिनक्रम. गळलाच तर वरच्या मजल्यावरचा नळ गळतो. तरीही मे महिना उजाडला की इमारतीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या चार माणसांत एक प्रश्न हमखास निघतो, ‘गावची शाकारणी झाली का?’ कारण आपल्यापैकी पुष्कळांचे एक घर अजून महाड, पोलादपूर, माणगाव, मंडणगड, दापोली या भागात उभे आहे. कुठे आईवडील आहेत, कुठे एकटी आजी आहे, तर कुठे दाराला नुसते कुलूप आहे. आणि त्या घरावर बहुधा कौले आहेत.

आम्ही काही गवंडी नव्हे, सुतारही नव्हे. कचेरीत कारकुनी करणारी माणसे आम्ही, जमाखर्च हे आमचे शिक्षण. परंतु समाजकार्याच्या निमित्ताने गावोगाव जाणे होते, आणि घरांची पडझड कशी सुरू होते हे जवळून पाहावयास मिळते. ती बहुतेक वेळा वादळाने सुरू होत नाही. ती एका फुटक्या कौलाने सुरू होते. म्हणून या एका कौलाविषयीच चार गोष्टी येथे मांडाव्या असे ठरविले.

कौल मिळविले कसे

आज कौल ही जुनी, मागासलेली वस्तू वाटते. नव्या पिढीला स्लॅब हवा. त्यात गैर काही नाही. पण आपल्या वस्तीतील घरांवर कौल आले कसे, हे मुलांना ठाऊक असावे.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या एका इंग्रजी लिखाणात खेड्यातील अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची यादीच दिली आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेच्या पाचव्या खंडात ते लिखाण आहे. स्वच्छ कपडे घालणे, पायात जोडे घालणे, अंगावर सोने घालणे याप्रमाणेच अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हासुद्धा गुन्हा मानला जाई, असे त्या यादीत नोंदविले आहे. म्हणजे ऐपत असली तरी छपरावर गवत आणि पेंढाच घालायचा. दर पावसाळ्यापूर्वी तो बदलायचा आणि उन्हाळ्यात ठिणगी पडेल या भीतीने जागे राहायचे.

पुढे गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पलटणीत आणि पालिकेच्या सफाई खात्यात राबणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी मनिऑर्डरी पाठविल्या. त्या पैशांतून वाडीतल्या घरांवर एकेक करून कौल चढले. कोणी एका वर्षी पुढचे पाखे केले, दुसऱ्या वर्षी मागचे. ज्या घरावर कौल चढले त्या घरातील माणसाची मान थोडी वर झाली. हे ज्याला माहीत आहे तो फुटक्या कौलाकडे ‘जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणून पाहणार नाही.

या कौलाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. एकात एक अडकणारे चपटे कौल अल्सास प्रांतातील गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढले. त्या धर्तीचे कौल आपल्या देशात बाझेल मिशनच्या मंडळींनी मंगळूरला बनविण्यास सुरुवात केली. जेप्पू येथील त्यांचा कारखाना १८६५ सालचा. नेत्रावती नदीकाठची चिकणमाती त्यास उपयोगी पडली. धर्मांतर केल्यामुळे जातीने वाळीत टाकलेल्या, पोटाचा धंदा गमावलेल्या माणसांना काम मिळावे हाही त्या कारखान्यामागील एक हेतू होता. पुढे ही कौले जहाजांतून किनाऱ्याने वर आली, आणि कोकणात ‘मंगलोरी कौल’ हे नाव रूढ झाले. त्यापूर्वीची कुंभाराने घडविलेली अर्धगोल नळीची कौले काही घरांवर आजही दिसतात.

एका कौलाने काय होते

आमच्या परिचयातील एक कुटुंब महाड तालुक्यातले. मुलगा इकडे नोकरीस, आई गावी एकटी. थंडीत माकडांच्या टोळीने उड्या मारल्या आणि माजघरावरचे एक कौल तडकले. पहिल्या पावसात आईने निरोप दिला, ‘अरे, माजघरात थेंब पडतोय, कुणाला तरी वर चढायला सांग.’ सांगायला माणूस मिळाला नाही. आईने थेंबाखाली पातेले ठेवले आणि पावसाळा काढला. दुसऱ्या वर्षी रीप भिजून काळी पडली. तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका रात्री वाशाचे टोक कुजून तुटले आणि तीस-चाळीस कौले घसरत माजघरात आली. माउली त्या रात्री पडवीत निजली होती म्हणून वाचली. एका कौलाचे अर्ध्या तासाचे काम शेवटी चाळीस कौले, दोन नवे वासे आणि चार माणसांची दोन दिवसांची मजुरी एवढ्यावर गेले. शिवाय म्हातारीच्या मनात जी भीती बसली तिचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

असे का होते, ते समजून घ्यावे. मंगलोरी कौल खालच्या बाजूच्या टोकांनी रिपेवर अडकलेले असते. रीप वाशावर ठोकलेली असते. वासे आढ्यावर आणि भिंतीवर टेकतात. कौल फुटले की पाणी सरळ जमिनीवर पडत नाही. ते आधी रिपेवर उतरते, रिपेवरून वाशावर आणि वाशावरून भिंतीच्या माथ्यावर जाते. भिंत मातीची असेल तर ती आतून मऊ होते. सततच्या ओलीने लाकडास बुरशी लागते, वाळवीलाही ओलावाच हवा असतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसात बोटभर चीरही थोडी नव्हे.

आता वजनाचा हिशेब पाहा. १०० चौरस फूट छपराला साधारण दीडशे मंगलोरी कौले लागतात. एक कौल अडीच किलोचे धरले तर ५०० चौरस फुटांच्या छपरावर ७५० कौले, म्हणजे १,८७५ किलो वजन झाले. पहिल्या दर्जाच्या कौलाने आपल्या वजनाच्या १८ टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये असा भारतीय मानकाचा नियम आहे. पूर्ण १८ टक्के पाणी धरले तर पावसाळ्यात आणखी सुमारे ३४० किलोंची भर पडते. म्हणजे सव्वादोन टनांच्या घरात बोजा झाला. धडधाकट लाकूड तो सहज पेलते, पण कुजलेला वासा पेलत नाही. आणि घर नेमके भर पावसातच का बसते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

‘निसर्ग’ वादळाने शिकविले

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तसेच दापोली आणि मंडणगड या तालुक्यांत हजारो घरांची छपरे उघडी केली. टाळेबंदीचे दिवस होते. इकडच्या माणसाला गावी जाणे अवघड, तिकडे कौले मिळत नाहीत, चढणारा कारागीर नाही, वीज नाही, आणि आठवडा-दहा दिवसांत पाऊस येऊन ठेपलेला. लोकांनी ताडपत्रीखाली दिवस काढले. पुढच्या वर्षी मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याने वर सरकले, तेव्हा पुन्हा तीच धावपळ झाली.

त्या दिवसांत तीन गोष्टी ठळकपणे ध्यानात आल्या. पहिली गोष्ट, वारा आधी वळचणीची ओळ आणि दोन्ही कडा उचलतो. मंगलोरी कौल स्वतःच्या वजनावर आणि एकमेकांच्या खाचेवर बसलेले असते, ते खिळ्याने ठोकलेले नसते. वाऱ्याला शिरायला फट मिळाली, म्हणजे फुटके किंवा सरकलेले कौल मिळाले, की शेजारची ओळ उचलणे त्यास सोपे जाते. दुसरी गोष्ट, ज्यांनी मागच्या दारी पंचवीस-तीस जुनी कौले रचून ठेवली होती त्यांचे घर दोन दिवसांत झाकले गेले. तिसरी गोष्ट सरकारी मदतीची. अंशतः पडझडीच्या मदतीसाठी नुकसान किमान १५ टक्के असावे लागते. पंचनाम्याच्या कागदावर एका फुटक्या कौलाला रकाना नाही. ते आपले आपणच बदलायचे असते.

फुटके कौल शोधावे कसे

भरपूर ऊन असताना, दुपारी बाराच्या सुमारास, दारे-खिडक्या लावून घराच्या आत अंधार करावा आणि वर पाहावे. जिथे उजेडाचा ठिपका किंवा रेघ दिसेल तिथे लांब काठीला खडू बांधून जवळच्या वाशावर खूण करावी. प्रत्येक ठिपका गळेलच असे नाही, खाचांतूनही थोडा उजेड येतो. म्हणून जोडीला लाकडावरचे डाग पाहावेत. पाण्याचा डाग जिथे संपतो तिथे नव्हे, तर चढाच्या बाजूला जिथे तो सुरू होतो तिथे फुटके कौल असते. थेंब माजघरात पडत असला तरी चीर दोन हात वर आढ्याजवळ असू शकते.

आढ्यावरच्या कौलांकडे विशेष लक्ष द्यावे. ती चुन्यात किंवा सिमेंटात बसविलेली असतात. ते सिमेंट तडकले की पाणी दोन्ही पाख्यांवर आतून पसरते आणि बिचाऱ्या खालच्या चांगल्या कौलांवर आळ येतो. झाडाची फांदी छपरावर टेकलेली असेल तर ती आधी तोडावी. पालापाचोळा साचून पाणी तुंबते आणि कौलाच्या खाचेतून मागे शिरते. अशा वेळी कौल अखंड असूनही गळते.

नवे कौल निवडताना

‘कौल म्हणजे कौल’ असे समजून चालत नाही. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांची मापे आणि खाचा वेगळ्या असतात. कौल उलटे केले तर पाठीवर कारखान्याचे नाव उठविलेले दिसते. जुने अख्खे कौल, नाहीतर फुटक्याचे मोठे तुकडे दुकानी नमुना म्हणून न्यावेत आणि जुळवून घ्यावेत. मापात अर्ध्या बोटाचा फरक असला तरी ते नीट बसत नाही, डगमगते आणि शेजारच्या कौलालाही उचलून धरते.

नवे कौल घेताना तीन परीक्षा कराव्यात. बोटाच्या पेराने टिचकी मारावी, अख्खे आणि नीट भाजलेले कौल खणखणते, चीर असलेले बद्द वाजते. सपाट जमिनीवर ठेवून पाहावे, हलले तर ते वाकडे आहे. आणि वर थोडे पाणी ओतून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, खालच्या बाजूस थेंब जमू लागले तर घेऊ नये. आजूबाजूला कोणी जुने घर उतरवून स्लॅब घालत असेल तर त्याची निघालेली कौले मागून घ्यावीत. जुने कौल अनेक पावसाळे सोसून उरलेले असते, त्याची परीक्षा आधीच झालेली असते.

बदलण्याची रीत

पुष्कळांचा समज असा की कौल बदलायचे म्हणजे छपरावर चढलेच पाहिजे. ज्या घराला आतून माळा किंवा छत नाही, तिथे मंगलोरी कौल आतूनच बदलता येते, आणि तेच सुरक्षित. या कामी अंगात फार ताकद लागत नाही. आमच्या माहितीतील दोन-तीन वहिनी हे काम सफाईने करतात.

आतून पक्की शिडी किंवा घोडा लावावा, एकाने खाली तो धरून उभे राहावे. डोक्याला टोपी किंवा फडके, डोळ्यांना चष्मा असावा, कारण वर्षानुवर्षांची धूळ खाली येते. फुटक्या कौलावर ज्या वरच्या ओळीतील एक-दोन कौलांची टोके आली आहेत ती तळहाताने हळूच वर उचलावीत आणि फटीत लाकडाचा तुकडा अडकवावा. शेजारच्या ज्या कौलाची कड यावर बसली असेल तीही तशीच थोडी उचलावी. मग फुटके कौल वर उचलून त्याची टोके रिपेवरून सोडवावीत आणि तिरपे करून आत काढून घ्यावे. तुकडे झाले असतील तर एकेक तुकडा काढावा, खाली सोडू नये.

रिकाम्या जागेतून रीप बोटाने दाबून पाहावी. नख रुतले तर रीप बदलावयास हवी, नुसते कौल घालून उपयोग नाही. नंतर नवे कौल त्याच वाटेने तिरपे बाहेर काढावे, वरच्या कौलाखाली पुरेसे सरकवावे आणि मग खाली ओढावे, म्हणजे त्याची टोके रिपेत अडकतात. बाजूच्या खाचा एकमेकींत बसल्या की नाही ते बोट फिरवून पाहावे. लाकडाचे तुकडे काढून वरची कौले खाली बसवावीत. शेवटी खालून हलवून पाहावे, हलता कामा नये. बाहेरून कोणीतरी बादलीभर पाणी त्या ओळीवर फेकले की कामाची परीक्षा होते.

वळचणीच्या पहिल्या ओळीतील आणि कडेची कौले तारेने रिपेला बांधून घ्यावीत. काही कौलांना तार ओवण्यासाठी भोक असलेला लहानसा कान ठेवलेला असतो. वाऱ्याच्या गावांत हे काम टाळू नये.

नळीच्या कौलांची गोष्ट वेगळी. ती उताणी-पालथी नुसती रचलेली असतात, म्हणून ती दरवर्षी चाळावी लागतात. ती काढायची, झाडायची, फुटकी बाजूला करायची आणि वळचणीपासून आढ्याकडे पुन्हा लावत जायची. हे काम जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकूनच करावे.

भर पावसात गळू लागले तर काय? तेव्हा छपरावर चढू नये. आतून वरच्या कौलाखाली पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा असा सरकवावा की त्याचे खालचे टोक खालच्या कौलावर येईल. तुकडा फुटक्या कौलाच्या नुसता वर ठेवला तर पाणी त्याच्या मागून शिरते. चिरेवर सिमेंट थापण्याची पद्धत आहे, पण उन्हाने कौल तापते, पावसाने निवते, आणि ते सिमेंट लवकरच सुटते. तो तात्पुरता उपाय, पाऊस उघडला की कौल बदलावेच.

जिवापेक्षा कौल मोठे नाही

बाहेरून चढणे भागच असेल तर एकट्याने चढू नये, ओल्या किंवा शेवाळलेल्या छपरावर मुळीच चढू नये. कौलाच्या मधोमध पाय देऊ नये. आडव्या फळ्या टाकून, वजन वाशांवर येईल असे चालावे. कमरेला दोर बांधून तो आढ्यापलीकडे भक्कम ठिकाणी अडकवावा. विजेची तार छपरावरून घरात येत असेल तर मेन स्विच बंद केल्यानेही ती तार मेलेली नसते, बंद होतो तो घरातला प्रवाह. तारेजवळचे काम वायरमनला सांगूनच करावे.

दुसरी काळजी विंचवाची. रचलेल्या कौलांत आणि रिपेच्या फटीत तो बसतो. कोकणातला लाल विंचू साधा नव्हे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसीन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. औषध आहे, परंतु ते वेळेत मिळाले तर. म्हणून हातमोजे घालावेत, कौल उचलण्यापूर्वी काठीने हलवावे, आणि दंश झालाच तर मंत्र-तंत्रात वेळ न दवडता लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

कौल ठेवावे की पत्रा घालावा?

हा प्रश्न दरवर्षी निघतो. पत्रा भराभर चढतो, दरवर्षी चाळावा लागत नाही, माकडांनी फुटत नाही. हे त्याचे गुण खरे. पण उन्हाळ्यात पत्र्याखाली म्हाताऱ्या माणसाला दुपार काढणे कठीण, पावसात आत बोललेले ऐकू येत नाही, आणि वाऱ्याने उचलला तर अख्खा पत्रा उडतो व दुसऱ्याच्या अंगावर जातो. कौल फुटले तर एक फुटते, एकच बदलते. आमचे मत असे, की लाकूड शाबूत असेल तर कौल ठेवावे. लाकूड गेले असेल आणि घरात राहणारे माणूस एकटे असेल तर हट्ट न धरता पत्रा किंवा स्लॅबचा विचार करावा. पात्र कुटुंबांना २००८ साली सुरू झालेल्या रमाई आवास योजनेची चौकशी करता येईल. घर हे माणसासाठी आहे, आठवणींसाठी माणसाला गळक्या घरात ठेवणे बरोबर नाही.

घराची वही

आता आमच्या धंद्याची गोष्ट. गावची बहुतेक घरे सामाईक असतात. वडिलांच्या नावाचे घर, भाऊ तिघे, एक खांदा कॉलनीत, एक कल्याणला, एक गावी. कौल फुटले की जो गावी तो म्हणतो, ‘मी राहतो म्हणून मीच का करायचे?’ जो इकडे तो म्हणतो, ‘आम्ही राहत नाही, मग आम्ही का द्यायचे?’ आणि बहिणीला तर कोणी विचारीतही नाही. या वादात पाऊस थांबत नाही.

यास्तव एक साधी शंभर पानी वही करावी. पहिल्या पानावर घरातील सर्व वारसांची नावे लिहावीत, बहिणींसुद्धा. समजा तिघा भावांनी दरमहा शंभर-शंभर रुपये बाजूला काढले तर वर्षाचे ३,६०० रुपये होतात. किरकोळ शाकारणीला त्याचा मोठा आधार होतो, आणि काम मोठे निघाले तर निदान सुरुवात हाती असते. किती कौले आणली, किती बदलली, कोणत्या बाजूची, मजुरी किती, सारे तारखेनिशी लिहावे आणि पावत्या चिकटवाव्यात. त्याच वहीत घरपट्टीची पावती व ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्याची प्रत ठेवावी. वडील वारले असतील तर वारसांची नोंद करून घ्यावी. वादळानंतर पंचनामा होतो, घरकुलाचा अर्ज भरावा लागतो, तेव्हा हे कागदच कामी येतात. घर पडून जागा मोकळी झाली, कागदही नाहीत, आणि मग आपल्याच घरठाणासाठी दारोदार फिरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

दुसरे, काम जाणणारी माणसे तयार करावयास हवीत. पूर्वी वाडीत एकमेकांची घरे शाकारण्याची पाळी असे. आज या घरी दहा जण, उद्या त्या घरी. तरुण मंडळी शहरात आली आणि ती रीत मोडली. चौदा एप्रिलला आपण सारे जयंतीला गावी जातोच. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास काढून प्रत्येकाने आपले आणि शेजारच्या एकट्या आजीचे छप्पर आतून पाहावे, खुणा कराव्यात, कौलांची यादी करावी. बुद्ध पौर्णिमेच्या सुट्टीत काम उरकावे. मग आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, विहारात आणि घरोघरी ग्रंथवाचन चालते, तेव्हा कोरड्या जमिनीवर बसून वाचता येईल. भगवंतांनी भिक्खूंना निवासाची परवानगी दिली तेव्हा छपराचे पाच प्रकार सांगितल्याचे विनयपिटकात आहे, त्यांत कौल-विटांचे छप्परही आहे. आणि धम्मपदाच्या पहिल्याच वर्गात नीट न शाकारलेल्या घराचा दाखला मनासाठी दिलेला आहे. घर गळू न देणे ही गोष्ट आपल्या परंपरेत कधीच क्षुल्लक मानलेली नाही.

तिसरे, मुलांना हे शिकवा. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलालाही आणि मुलीलाही. मे महिन्यात गावी गेल्यावर त्यांच्या हातून एक कौल बदलून घ्या. टिचकी मारून आवाज ऐकवा, पाठीवरचे नाव वाचायला लावा, आणि हे कौल कोणत्या आजोबांनी कोणत्या पगारातून आणले ते सांगा. घरी वीस-पंचवीस कौले जास्तीची आणून मागच्या भिंतीला उभी रचून ठेवा, जमिनीपासून थोडी वर, दोन फळ्यांवर.

या रविवारी एवढेच करा. गावी फोन लावा आणि तब्येतीच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, ‘आई, वरून कुठे थेंब येतो का?’ ती बहुधा ‘नाही रे’ म्हणेल, कारण तुमचा खर्च वाचवायचा असतो. तेव्हा दुसरा प्रश्न विचारा, ‘मग घरात पातेले कुठे ठेवले आहेस?’ तिथे कोणते कौल बदलायचे ते तुम्हांला कळेल.